वैद्यकीय संशोधनाची वाट : खेड्यापासून प्रयोगशाळेपर्यंत आणि परत

अकोला शहरातील जठारपेठेत एखाद्या दवाखान्यासमोरच्या बाकावर सकाळी बसलेल्या माणसांकडे पाहिले, तर शहरातील रहिवाशांबरोबरच अकोट, तेल्हारा, बाळापूर, मूर्तिजापूर या बाजूंनी पहिल्या एस.टी.ने आलेली मंडळीही त्यांत दिसतात. कोणाचे मूल तापाने फणफणलेले असते, कोणाच्या अंगावर बधिर चट्टा उमटलेला असतो, कोणी शेतात विंचू चावल्यामुळे धावत आलेला असतो. डॉक्टर तपासतात, चिठ्ठी लिहून देतात आणि रोगी घरी परततो. चिठ्ठीवरील औषधाचे नाव एका ओळीत मावते. परंतु ती ओळ लिहिता यावी यासाठी कोठे तरी, कोणी तरी कित्येक वर्षे खपलेले असते. या परिश्रमालाच वैद्यकीय संशोधन असे म्हणतात.

संशोधन म्हटले की परदेशातील भव्य प्रयोगशाळा, काचेची उपकरणे आणि पांढरे अंगरखे घातलेले शास्त्रज्ञ यांचे चित्र डोळ्यांपुढे उभे राहते. हे चित्र खोटे नाही, पण ते अपुरे आहे. आधुनिक वैद्यकातील काही महत्त्वाचे संशोधन महाराष्ट्रात आणि विदर्भाच्या भूमीवरही झालेले आहे. त्यात शास्त्रज्ञांबरोबर खेड्यातील सुईणी, शिक्षक, ग्रामपंचायती आणि सामान्य रोगी यांचाही वाटा आहे. या संशोधनाची मुख्य क्षेत्रे कोणती, प्रत्येकाची कार्यपद्धती काय आणि त्यांत गावाचे स्थान कोणते, हे समजून घेणे म्हणूनच उद्बोधक ठरेल.

सूक्ष्मजीवांचा शोध

रोग कशामुळे होतो, हा वैद्यकाचा पहिला प्रश्न. जीवाणू आणि विषाणू यांचा अभ्यास करणारे सूक्ष्मजीवशास्त्र हे क्षेत्र या प्रश्नाचे उत्तर शोधते. पुण्यात १९५२ साली भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि रॉकफेलर प्रतिष्ठान यांच्या सहकार्याने विषाणू संशोधन केंद्र सुरू झाले. १९७८ पासून ते राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था या नावाने ओळखले जाते. १९५७ मध्ये त्या वेळच्या म्हैसूर राज्यातील क्यासनूरच्या जंगलात माकडे मरू लागली व आसपासच्या गावकऱ्यांना तीव्र ताप येऊ लागला. तेव्हा याच केंद्राच्या शास्त्रज्ञांनी त्या तापाचा विषाणू वेगळा केला आणि तो गोचिडांमार्फत पसरतो हे दाखवून दिले.

विदर्भाच्या दृष्टीने याहून जवळचे उदाहरण चांदीपुरा विषाणूचे आहे. १९६५ मध्ये नागपूर भागात तापाची साथ असताना पुण्याच्या शास्त्रज्ञांनी रोग्यांच्या रक्तातून एक नवा विषाणू मिळविला. तेथील चांदीपुरा या ठिकाणावरून त्याला नाव देण्यात आले. साधा ताप आणणारा एक विषाणू एवढीच त्या वेळी त्याची ओळख होती. असल्या शोधाचा उपयोग काय, असा प्रश्न तेव्हा कोणी केला असता तर त्याला चटकन उत्तर देता आले नसते. परंतु २००३ मध्ये आंध्र प्रदेशात मेंदूज्वराने लहान मुले दगावू लागली, तेव्हा त्या साथीमागे हाच विषाणू असल्याचे शास्त्रज्ञांना ओळखता आले. कारण अडतीस वर्षांपूर्वीची ओळख नोंदवून ठेवलेली होती. २०२४ मध्ये गुजरातेत त्याने पुन्हा डोके वर काढले. हा विषाणू मुख्यतः वाळूमाशीच्या चाव्यातून पसरतो. मातीच्या भिंतींच्या भेगा आणि गोठ्यातील ओलसर कोपरे ही तिची आवडती जागा. भेगा लिंपणे व फवारणी करणे हे त्यावरचे गावपातळीवरील साधे उपाय आहेत. तात्काळ उपयोग न दिसणारे मूलभूत संशोधनही कसे कामी येते, याचा हा बोलका दाखला होय.

प्रतिबंधक लसी

रोगाचे कारण कळले की दुसरा प्रश्न उभा राहतो : तो होण्यापूर्वीच टाळता येईल काय ? शरीराची स्वतःची संरक्षणयंत्रणा आणि तिला आगाऊ सज्ज करणाऱ्या लसी यांचा अभ्यास प्रतिरक्षाशास्त्रात होतो. या क्षेत्राच्या इतिहासातील एक ठळक प्रकरण मुंबईत लिहिले गेले. १८९६ च्या पावसाळ्याअखेर मुंबईच्या मांडवी भागात प्लेगने थैमान मांडले. त्या वेळी वाल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयातील एका लहानशा जागेत प्लेगच्या मारलेल्या जंतूंपासून लस तयार केली. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगात, जेथे प्लेग शिरला होता, तिची चाचणी झाली. टोचून घेतलेल्या कैद्यांमध्ये रोगाचे व मृत्यूचे प्रमाण इतरांपेक्षा कमी आढळले. १८९९ मध्ये परळ येथे स्थापन झालेल्या प्लेग संशोधन प्रयोगशाळेला १९२५ पासून हाफकिन संस्था हे नाव मिळाले.

याच कथेला एक दुःखद बाजूही आहे. १९०२ मध्ये पंजाबातील मुलकोवाल या गावी लस टोचलेल्या १९ जणांचा धनुर्वाताने मृत्यू झाला. दोष हाफकिन यांच्या माथी मारण्यात आला. पुढे तपासाअंती असे स्पष्ट झाले की, ती लस मुळात सदोष नव्हती. गावात बाटली उघडताना तिच्यात बाहेरून जंतू शिरले होते. १९०७ मध्ये हाफकिन दोषमुक्त ठरले. प्रयोगशाळेत कितीही निर्दोष औषध तयार झाले, तरी शेवटच्या हाताची स्वच्छता सांभाळली गेली नाही तर सारे कष्ट वाया जातात, हा धडा आजच्या लसीकरण सत्रासही तेवढाच लागू आहे. कोविडच्या साथीत पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने २०२० मध्ये वेगळा केलेला विषाणू भारतीय बनावटीच्या एका लसीचा आधार ठरला. १८९७ मध्ये मुंबईत चोखाळलेल्या वाटेचाच तो पुढचा टप्पा होता.

आनुवंशिकी

काही रोग बाहेरून येत नाहीत. ते आईबापांकडून रक्तातून येतात. त्यांचा अभ्यास आनुवंशिकी या शास्त्रात होतो. विदर्भातील आदिवासी आणि इतर अनेक समाजांत आढळणारा सिकलसेल हा रोग याचे उत्तम उदाहरण आहे. रक्तातील तांबड्या पेशी गोल व लवचीक असतात. या रोगात त्या विळ्याच्या आकाराच्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि असह्य वेदना, पांडुरोग व वारंवार आजारपण ओढवते. १९१० मध्ये अमेरिकेतील शिकागो येथे या पेशींचे पहिले वर्णन प्रसिद्ध झाले. १९४९ मध्ये लायनस पॉलिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी हा रोग रक्तातील हिमोग्लोबिनच्या रेणूतील दोषामुळे होतो असे सिद्ध केले. पुढे त्या रेणूच्या एका साखळीतील केवळ एक घटक बदलल्यामुळे हा सारा अनर्थ घडतो हेही उघड झाले. १९५८ मध्ये नागपूरच्या डॉक्टरांनी मध्य भारतातील या दोषाची नोंद वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केली.

या शास्त्रातील एक गणित प्रत्येक शिक्षकाने वर्गात समजावून द्यावे असे आहे. दोष एकाच पालकाकडून आला, तर मूल वाहक होते. ते सहसा आजारी पडत नाही. दोन वाहकांचा विवाह झाला, तर प्रत्येक गरोदरपणात मूल रोगी होण्याची शक्यता चारात एक, वाहक होण्याची चारात दोन आणि पूर्ण निरोगी असण्याची चारात एक असते. पहिले मूल निरोगी निघाले म्हणून दुसऱ्याचा धोका कमी होत नाही. वाहक असणे हा दोषही नव्हे व कलंकही नव्हे. उलट वाहकांना तीव्र हिवतापापासून काही प्रमाणात संरक्षण मिळते आणि म्हणूनच हिवतापाच्या प्रदेशांत हा गुण टिकून राहिला. हायड्रॉक्सियुरिया या औषधाने रोग्याच्या वेदना व रुग्णालयाच्या खेपा कमी होतात. २०२३ मध्ये जनुकात दुरुस्ती करणारी उपचारपद्धती ब्रिटन व अमेरिकेत मान्य झाली. परंतु ती अत्यंत खर्चिक आहे. त्याच वर्षी भारतात राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले. त्याचा मुख्य आधार मात्र साधी रक्ततपासणी आणि विवाहापूर्वीचा सल्ला हाच आहे.

औषधे आणि उपचार

नवे औषध शोधणे आणि जुन्या औषधांचा नवा उपयोग शोधणे ही औषधशास्त्राची दोन अंगे आहेत. अमरावतीच्या तपोवनात डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी १९४६ मध्ये कुष्ठरोग्यांसाठी कार्य आरंभिले, तेव्हा या रोगावर परिणामकारक औषधे नुकतीच हाती येऊ लागली होती. पुढे डॅप्सोन हे औषध सर्वत्र वापरात आले. परंतु एकच औषध वर्षानुवर्षे दिल्यामुळे त्याला न जुमानणारे जंतू निर्माण झाले. कुष्ठरोगाचा जंतू आजही प्रयोगशाळेतील कृत्रिम माध्यमात वाढविता येत नाही. उंदराच्या पंज्यात व आर्माडिलो या प्राण्याच्या शरीरात तो वाढतो असे आढळल्यानंतरच संशोधनाला गती आली. दोन-तीन औषधे एकत्र दिली, तर एका औषधातून निसटलेला जंतू दुसऱ्याच्या तावडीत सापडतो, हे या उपायामागील तत्त्व. जागतिक आरोग्य संघटनेने १९८२ मध्ये ही बहुविध औषधोपचार पद्धती पुरस्कारिली. देशात ती प्रथम राबविण्याचा मान विदर्भातील वर्धा जिल्ह्याला मिळाला. पूर्वी आयुष्यभर चालणारा उपचार आता रोगाच्या प्रकारानुसार सहा किंवा बारा महिन्यांत पूर्ण होतो. बधिर चट्टा वेळीच दाखविला, तर बोटे झडण्याचा व गावाबाहेर राहण्याचा प्रसंग येत नाही.

जुन्या औषधाच्या नव्या उपयोगाचे उदाहरण कोकणातील आहे. महाड परिसरात लाल विंचवाच्या दंशाने धडधाकट माणसे व मुले दगावत. प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करणारे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी एकेका रोग्याच्या उशाशी बसून नाडी, रक्तदाब व श्वास यांच्या नोंदी ठेवल्या. विषामुळे शरीरात उत्तेजक द्रव्यांचा लोंढा येतो, रक्तवाहिन्या आवळतात, हृदय थकते आणि फुप्फुसांत पाणी साचते असे त्यांच्या निरीक्षणातून दिसून आले. त्यांचा लेख १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’ या विख्यात नियतकालिकात प्रसिद्ध झाला. आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करणारे प्राझोसिन हे रक्तदाबावरील औषध त्यांनी या दंशावर वापरले आणि मृत्यूचे प्रमाण फार खाली आले. प्रयोगशाळा नाही, अनुदान नाही, तरीही नीट ठेवलेली नोंदवही संशोधनाचे केवढे समर्थ साधन ठरू शकते, हे यावरून ध्यानात येते.

खेडे हीच प्रयोगशाळा

उपाय ठाऊक आहे, पण तो गरजवंतापर्यंत पोहोचत नाही, ही आरोग्यातील नेहमीची अडचण. ती सोडविण्यासाठी क्षेत्रीय संशोधन हे वेगळे क्षेत्र उदयास आले. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने नवजात बालकांच्या मृत्यूंचा प्रश्न हाती घेतला. ३९ गावांत निवडलेल्या ग्रामीण स्त्रियांना बाळाचे वजन करणे, त्याला ऊब देणे, आईला स्तनपानास साह्य करणे, जंतुदोषाची लक्षणे ओळखणे व त्यावर औषध देणे असे शिक्षण देण्यात आले. ४७ गावे तुलनेसाठी ठेवण्यात आली. तेथे नेहमीची आरोग्यसेवा चालू राहिली. आरंभी दोन्ही गटांत हजार जन्मांमागे साठाच्या आसपास नवजात बालके दगावत होती. तीन वर्षांनंतर ज्या गावांत आरोग्यदूत काम करीत होत्या, तेथे हे प्रमाण सुमारे २५ वर आले. तुलनेच्या गावांत ते साठाच्या आसपासच राहिले. १९९९ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि २०११ पासून आशा कार्यकर्तीमार्फत नवजात बालकाची घरोघर काळजी घेण्याची योजना देशभर सुरू झाली. आज वऱ्हाडातील एखाद्या गावात आशाताई बाळंतिणीच्या घरी काटा घेऊन येते, तेव्हा तिच्यामागे त्या ३९ गावांचा पुरावा उभा असतो.

तुलनेचा गट कशाला हवा, असा प्रश्न अनेकदा विचारला जातो. पाऊसपाणी, पीक, रस्ते, साथी यांमुळे मृत्यूंचे प्रमाण आपोआपही खालीवर होत असते. तुलना केली नाही, तर यश उपायाचे की दैवाचे, हे सांगता येत नाही. मात्र याच ठिकाणी नीतीचा प्रश्नही उपस्थित होतो.

संमतीचा प्रश्न

गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी कोणत्या पद्धतीने करावी, हे ठरविण्यासाठी तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात एक मोठा अभ्यास झाला. गावांचे ५२ समूह पाडण्यात आले आणि सुमारे १ लाख ३१ हजार स्त्रियांचा त्यात समावेश होता. एकदाच केलेल्या विषाणू-चाचणीमुळे या रोगाने होणारे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर येतात, असा निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाला आणि जगभर त्याची दखल घेतली गेली. परंतु ज्या स्त्रिया तुलनेच्या गटात होत्या, त्यांना तपासणीविना ठेवणे योग्य होते काय, अशी टीकाही पुढे झाली. ज्ञानाचा लाभ सर्वांना मिळतो; त्याची जोखीम मात्र काही थोड्यांच्या वाट्यास येते. ती थोडी माणसे बहुधा गरीब व अल्पशिक्षित असतात, ही गोष्ट विसरता कामा नये.

म्हणूनच संशोधनासाठी नियमांची चौकट घालून देण्यात आली आहे. प्रत्येक अभ्यासाला नैतिकता समितीची मान्यता लागते. औषधांच्या चाचण्यांची नोंद केंद्रीय नोंदवहीत करणे २००९ पासून सक्तीचे झाले. २०१९ च्या नियमांनी सहभागी व्यक्तीला इजा झाल्यास उपचार व भरपाईची तरतूद केली. यांतील सर्वांत महत्त्वाचा भाग म्हणजे सहभागी व्यक्तीची समजून-उमजून दिलेली संमती. अभ्यास कशासाठी आहे, त्यात धोका कोणता, नकार दिल्यास नेहमीचा उपचार मिळतच राहील काय, हे तिला तिच्या भाषेत सांगितले गेले पाहिजे. सरपंचाने किंवा पाटलाने होकार दिला म्हणून गावातील प्रत्येकाचा होकार गृहीत धरता येत नाही. पती किंवा सासऱ्याने अंगठा उमटविला म्हणून स्त्रीची संमती मिळाली असे होत नाही. संशोधक गावात आल्यास ग्रामपंचायतीने त्यांचे स्वागत अवश्य करावे. मात्र मान्यतेचे पत्र पाहावे, मराठीतील संमतीपत्र मागून घ्यावे आणि ते मोठ्याने वाचून दाखविले जाते की नाही याकडे लक्ष द्यावे.

न मोजलेला मृत्यू

वरील सर्व क्षेत्रांचा पाया एकच आहे, तो म्हणजे खरी नोंद. अकोला, अमरावती व बुलढाणा जिल्ह्यांतून जाणारा पूर्णा नदीच्या खोऱ्यातील खारपाणपट्टा सर्वांच्या परिचयाचा आहे. तेथील विहिरींचे पाणी खारे असल्याने मूत्रपिंडाचे विकार बळावतात, असे तेथील लोक वर्षानुवर्षे बोलून दाखवीत आले आहेत. लोकांचा अनुभव हा संशोधनाचा आरंभ असतो, शेवट नव्हे. त्याचे पुराव्यात रूपांतर करावयाचे झाल्यास कोणत्या गावात किती लोक, कोणत्या वयात, कोणते पाणी किती वर्षे प्यायले, कोणाला मधुमेह वा रक्तदाब होता, कोण उन्हात राबत होते आणि कोण कशाने दगावले, हे सारे माहीत असावे लागते. याच माहितीच्या आधारे खारे पाणी पिणाऱ्या व गोडे पाणी पिणाऱ्या सारख्याच गावांची तुलना करता येते. यांपैकी मृत्यूचे कारणच नोंदले गेले नसेल, तर उत्तम प्रयोगशाळाही हतबल ठरते.

जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ पासून अस्तित्वात आहे. जन्म वा मृत्यू घडल्यापासून २१ दिवसांच्या आत ग्रामपंचायतीत त्याची वर्दी द्यावयाची असते. तरीही घरी जन्मून दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दगावलेल्या बाळाचा जन्मही लिहिला जात नाही व मृत्यूही. मेळघाटासारख्या दुर्गम भागात ही अडचण अधिकच जाणवते. कधी कुटुंब दुःखात असते, कधी रस्ता नसतो, तर कधी आकडा वाढला म्हणजे जाब विचारला जाईल अशी भीती खालच्या कर्मचाऱ्यास वाटते. ही भीती दूर करणे वरिष्ठ अधिकाऱ्यांचे काम आहे. खरा आकडा कळविणाऱ्या कर्मचाऱ्यास शिक्षा होत असेल, तर पुढच्या वर्षी आकडा सुधारेल, बालके मात्र वाचणार नाहीत. गडचिरोलीच्या अभ्यासाला जगात मान मिळाला, त्याचे एक कारण असे की, तेथे प्रत्येक जन्म व प्रत्येक मृत्यू मोजण्यात आला होता.

या कामी प्रत्येकाचा वाटा वेगळा आहे. शिक्षकाने मुलांना रोगांची कारणे, लसींचे तत्त्व व सिकलसेलचे गणित समजावून द्यावे. कारण घरातील संमतीपत्र बहुधा शाळेत जाणारे मूलच वाचून दाखविते. पंचायत सदस्याने ग्रामसभेत वर्षातून एकदा तरी गावातील जन्म-मृत्यूंचे पुस्तक उघडून त्यात कोणी राहिले आहे काय, हे विचारावे. अधिकाऱ्याने आलेला आकडा केवळ वर न पाठविता, तो काय सांगतो हे गावाला परत येऊन सांगावे.

जठारपेठेतील त्या बाकावर उद्याही रोगी येऊन बसतील. त्यांच्या हाती पडणारी चिठ्ठी अधिक अचूक व्हावी, असे वाटत असेल तर त्यांच्या गावातील नोंदवही आज अचूक असली पाहिजे. वैद्यकीय संशोधनाची वाट खेड्यातून निघून प्रयोगशाळेकडे जाते आणि तेथून पुन्हा खेड्यात येते. ती मध्येच खुंटू न देणे हे गावाच्याच हाती आहे.